अ‍ॅक्युपंक्चर कितपत सुरक्षित? दुष्परिणाम कोणते आणि कोणी जपून राहायचं?

प्रश्न असा आहे : आईचं वय ६२. दोन्ही गुडघे दुखतात, मधुमेह आहे आणि हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. कोणीतरी अ‍ॅक्युपंक्चर सुचवलंय. त्याने काही अपाय तर होणार नाही ना? आणि झालाच, तर काय होऊ शकतं?

गंभीर अपाय होण्याची शक्यता फार कमी आहे, पण ती शून्य नाही. "आमच्या उपचाराचे काहीही साइड इफेक्ट नाहीत" असं छातीठोकपणे सांगणाऱ्या उपचारकाकडे मी माझ्या घरच्या माणसाला पाठवणार नाही. मी अनेक वर्षं या सुया टोचते आहे आणि या उपचारावर माझा विश्वास आहे, म्हणूनच हे स्पष्ट सांगते. किरकोळ त्रास बऱ्याच जणांना होतात आणि आपोआप जातात. गंभीर त्रास क्वचित होतात, पण ते कुठे आणि कशामुळे होतात हे आपल्याला नेमकं ठाऊक आहे. त्यामुळे त्यांतले बहुतेक टाळता येतात.

आधी आकडे. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. या रुग्णांनी सरासरी दहाएक वेळा उपचार घेतले होते. त्यांपैकी ८.६ टक्के जणांनी काही ना काही त्रास झाल्याचं सांगितलं. सर्वांत जास्त प्रमाण होतं सुईच्या जागी थोडं रक्त येण्याचं किंवा त्वचा काळी-निळी पडण्याचं, सुमारे ६ टक्के. त्याखालोखाल दुखणं, १.७ टक्के. ज्यांच्या त्रासावर काही इलाज करावा लागला असे रुग्ण २.२ टक्के होते. फुफ्फुसाला सुई लागून छातीत हवा साचल्याच्या घटना सव्वादोन लाखांत दोन. त्याआधी २००१ मध्ये ब्रिटनमध्ये दोन स्वतंत्र पाहण्या झाल्या होत्या. एक डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडच्या उपचारांची, दुसरी व्यावसायिक अ‍ॅक्युपंक्चरिस्टांकडच्या उपचारांची. दोन्हींत मिळून साठ हजारांहून अधिक उपचारसत्रं नोंदली गेली आणि त्यांत एकही गंभीर दुखापत आढळली नाही. मात्र हे आकडे प्रशिक्षित माणसांच्या हातचे आहेत. दोन-चार दिवसांचं शिबिर करून सुया हातात घेणाऱ्यांना ते लागू होत नाहीत.

सुई बारीक असते, हेही या सुरक्षिततेचं एक कारण. इंजेक्शनची सुई पोकळ असते आणि तिचं टोक तिरपं कापलेलं असतं, त्यामुळे ती पेशी कापत आत जाते. आमची सुई भरीव, निमुळत्या टोकाची आणि साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर जाडीची असते. ती पेशींना बाजूला सारत शिरते. म्हणून रक्त फारसं येत नाही आणि आलं तरी कापसाचा बोळा मिनिटभर दाबून धरला की थांबतं. चेहऱ्यावर, विशेषतः डोळ्यांभोवती, त्वचा पातळ असल्याने काळा-निळा डाग लवकर उठतो आणि आठवडाभर दिसत राहतो. घरी लग्नकार्य किंवा महत्त्वाचा कार्यक्रम असेल तर त्या आठवड्यात चेहऱ्यावर सुया घेऊ नका, असं मी आधीच सांगून ठेवते.

सुई आत गेल्यावर जडपणा, बोथट कळ, मुंग्या किंवा ताणल्यासारखं वाटणं हे अपेक्षित आहे. काही उपचारक तर हीच जाणीव मुद्दाम शोधतात. पण विजेचा झटका बसावा तशी तीक्ष्ण सणक हाता-पायाच्या टोकापर्यंत गेली, तर सुई मज्जातंतूला लागली असण्याची शक्यता आहे. तेव्हा दात-ओठ खाऊन सहन करू नका, ताबडतोब बोला. सुई थोडी मागे घेतली की बहुधा लगेच बरं वाटतं. मनगटाच्या आतल्या बाजूला, मळमळीसाठी वापरल्या जाणाऱ्या बिंदूच्या खाली, हाताचा एक मोठा मज्जातंतू जातो. तिथे "सहन करा, ऊर्जा वाहते आहे" असं सांगून सुई फिरवत राहणं चुकीचं आहे. सुई काढल्यानंतरही बधिरपणा किंवा अशक्तपणा दोन-तीन दिवसांत ओसरला नाही, तर मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवायला हवं.

पहिल्या एक-दोन वेळांना मूळ दुखणं दिवस-दोन दिवस वाढल्यासारखं वाटू शकतं. काहींना उपचारानंतर इतकी गुंगी येते की उठावंसंच वाटत नाही. बहुतेकांना ती सुखाची वाटते, पण त्या अवस्थेत गाडी चालवणं धोक्याचं आहे. पहिल्या खेपेला तरी कोणाला तरी सोबत घेऊन या.

चक्कर येऊन कोसळणं हा आमच्या खोलीतला सर्वांत नेहमीचा नाट्यमय प्रसंग. रुग्ण पांढराफटक पडतो, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. सुईची भीती, उपाशी पोट, थकवा आणि बसलेल्या अवस्थेत घेतलेला उपचार, या गोष्टी एकत्र आल्या की हे हमखास घडतं. धडधाकट तरुण पुरुषही यातून सुटत नाहीत. लगेच सगळ्या सुया काढायच्या, आडवं करायचं, पाय उंच ठेवायचे. काही मिनिटांत माणूस सावरतो. यात खरा धोका पडून डोक्याला मार लागण्याचा असतो. म्हणून नव्या रुग्णाला मी नेहमी झोपवूनच सुया लावते आणि पहिल्या दिवशी थोड्याच लावते. खुर्चीत बसवून मानेत आणि खांद्यात सुया लावणारा कोणी भेटला तर "मला झोपून घ्यायच्या आहेत" असं सांगायला अजिबात संकोचू नका.

आता छातीकडे येते. या एका जागेबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण अ‍ॅक्युपंक्चरने झालेल्या गंभीर इजांमध्ये फुफ्फुसाला भोक पडणं हा प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. मान-खांदा आखडलेल्या माणसाला खांद्याच्या वरच्या, मांसल भागात सुई हवी असते. पाठ दुखणाऱ्याला खवाट्याच्या आतल्या कडेला. दोन्ही ठिकाणी स्नायूंच्या खाली फुफ्फुस असतं, आणि ते आपल्याला वाटतं तितकं खोल नसतं. खवाट्याच्या आतल्या कडेला किंवा गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून खाली जाणाऱ्या रेषेवर, त्वचेपासून फुफ्फुसापर्यंतचं अंतर अवघं १० ते २० मिलिमीटर असू शकतं. नेहमीच्या वापरातली सुई २५ ते ४० मिलिमीटर लांब असते. सडपातळ माणसात, वृद्धांत, आणि दीर्घकाळच्या धूम्रपानाने किंवा दम्याने फुफ्फुसं फुगलेल्यांत हे अंतर आणखी कमी होतं. सुई सरळ खाली घातली, किंवा ती आत असताना रुग्ण हलला, कोणी वरून अंगावर पांघरूण टाकलं, तर टोक फुफ्फुसाच्या आवरणातून आत जाऊ शकतं.

जाणता उपचारक इथे सुई उभी घालत नाही. तो खांद्याचा स्नायू चिमटीत धरून वर उचलतो आणि त्या उचललेल्या मांसात आडवी सुई घालतो. पाठीवर तिरपी आणि उथळ. जिथे शंका येते तिथे तो बिंदू सोडून देतो, कारण तेच काम हाता-पायावरच्या बिंदूंनीही साधता येतं. सुया लावून दिवा विझवायचा आणि अर्धा तास कोणी फिरकायचंच नाही, ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. हाताशी घंटा हवी किंवा हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर माणूस हवा.

रुग्णाने एवढं लक्षात ठेवावं : छाती, पाठ, मान किंवा खांद्यावर सुया घेतल्यानंतर श्वास घेताना छातीत टोचल्यासारखं दुखलं, दम लागला, कोरडा खोकला सुरू झाला, तर तो थकवा समजून घरी झोपू नका. ही लक्षणं उपचाराच्या टेबलावरच दिसतील असं नाही. कित्येकदा ती काही तासांनी, घरी गेल्यावर सुरू होतात. थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि "आज मला छातीजवळ सुया टोचल्या आहेत" हे पहिलंच वाक्य म्हणून सांगा. ते सांगितलं नाही तर डॉक्टर दुसऱ्याच दिशेने शोध घेत बसतील. एक्स-रे काढला की निदान होतं. गळती थोडी असेल तर देखरेखीखाली ती आपोआप भरून येते, जास्त असेल तर छातीत नळी घालून हवा काढावी लागते. वेळेवर पोहोचलेला माणूस बरा होतो. फुफ्फुस पूर्ण भरून आल्याचं डॉक्टरांनी सांगेपर्यंत विमानप्रवास मात्र करायचा नाही.

छातीच्या मधल्या हाडावर स्तनाग्रांच्या रेषेत एक फार वापरला जाणारा बिंदू आहे. खाली भक्कम हाड आहे, मग भीती कसली, असं वाटतं. पण साधारण ५ ते ८ टक्के लोकांच्या या हाडात जन्मतःच एक छोटं छिद्र असतं. बाहेरून ते दिसत नाही, आणि हाताला लागेलच असंही नाही. त्याच्यामागे हृदय असतं. अशा छिद्रातून सुई हृदयापर्यंत जाऊन मृत्यू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. तिथे सुई त्वचेला समांतर घातली की हा धोका उरत नाही. तसंच कवटीच्या खाली, मानेच्या मधोमध असलेल्या बिंदूंवर सुई वर, मेंदूच्या दिशेने कधीही जाता कामा नये. हे शरीररचनाशास्त्र उपचारकाला तोंडपाठ हवं. ज्याला ते येत नाही त्याने सुई हातात धरू नये.

दुसरा मोठा विषय जंतुसंसर्गाचा. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात १९८४ मध्ये एकाच अ‍ॅक्युपंक्चरिस्टच्या ३५ रुग्णांना हिपॅटायटिस बी झाला होता. वापरलेल्या सुया नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरल्या की काय होतं, त्याचं हे उदाहरण. आता निर्जंतुक केलेल्या, बंद पाकिटातल्या, एकदाच वापरून टाकायच्या सुया सगळीकडे मिळतात आणि त्या वापरल्या तर या मार्गाने हिपॅटायटिस किंवा एचआयव्ही पसरण्याचा प्रश्न जवळपास मिटतो. "तुमच्या सुया तुमच्याच नावाच्या डबीत ठेवतो, पुढच्या वेळी त्याच वापरू" हेसुद्धा स्वीकारू नका. पाकीट तुमच्यासमोर फोडलं गेलं पाहिजे आणि वापरलेली सुई लगेच न टोचणाऱ्या जाड डब्यात गेली पाहिजे.

पण सुई नवी असली म्हणजे सगळं भागलं, असं नाही. क्षयाच्या जंतूंच्या दूरच्या नात्यातले काही जंतू पाण्यात, मातीत राहतात. ते ओलसर टॉवेल, शेकायच्या पिशव्यांची आवरणं, उघड्यावरचा कापूस, शिळं जंतुनाशक यांतून सुईच्या छिद्रात शिरतात. कॅनडा, कोरिया अशा ठिकाणी या जंतूंचे उद्रेक अ‍ॅक्युपंक्चरच्या दवाखान्यांतून झालेले आहेत. यात घात असा, की त्रास लगेच दिसत नाही. काही आठवड्यांनी सुईच्या जागी लालसर, कडक गाठ येते, मग ती पिकते. नेहमीच्या अँटिबायोटिकने बरी होत नाही आणि तोवर रुग्ण सुया घेतल्याचं विसरूनही गेलेला असतो. महिन्याभरानेही सुईच्या जागी गाठ आली तर डॉक्टरांना तो संबंध सांगा. आणि कपड्यावरून सुई टोचू देऊ नका. असं करणारे आजही आहेत.

कानात दिवसेंदिवस ठेवायच्या छोट्या सुयांबद्दल माझं मत कडक आहे. कानाच्या कूर्चेला, म्हणजे आतल्या लवचिक हाडाला, रक्तपुरवठा कमी असतो. तिथे जंतू शिरले तर कान कायमचा वेडावाकडा होऊ शकतो. मधुमेहींना, हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्यांना किंवा कृत्रिम झडप बसवलेल्यांना मी त्या लावतच नाही. त्याऐवजी चिकटपट्टीवरचं बी किंवा मणी दाबायला देते.

आता खास जपायचे रुग्ण. पेसमेकर किंवा हृदयाला झटका देणारं यंत्र बसवलेलं असेल तर सुयांना वीजप्रवाह जोडायचा नाही. साध्या सुया चालतात. गरोदरपणात अंगठा आणि तर्जनीच्या मधला बिंदू, घोट्याच्या आतल्या बाजूला वरचा बिंदू, कंबरेचे आणि पोटाचे काही बिंदू परंपरेने वर्ज्य मानले आहेत. झालेल्या चाचण्यांतून त्यांच्यामुळे गर्भपात होतो असं सिद्ध झालेलं नाही, तरीही मी ते टाळते, कारण त्यांच्यावाचून काही अडत नाही. केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी फार उतरल्या असतील तर सुया पुढे ढकलायच्या. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढून हाताला सूज आली असेल तर त्या हातात सुई नको. फिट येणाऱ्यांनी आधी सांगावं आणि गोळी चुकवू नये. मधमाशीचं विष टोचण्याचा एक प्रकार अ‍ॅक्युपंक्चरच्या नावाखाली चालतो. २०१८ मध्ये स्पेनमधल्या एका ५५ वर्षांच्या बाईंचा अशा उपचारानंतरच्या तीव्र अ‍ॅलर्जीमुळे मृत्यू झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. त्या वाटेला जाऊच नका.

एक धोका सुईच्या टोकात नाही, तो उशिरात आहे. सुईने दुखणं खरोखरच कमी होतं, आणि म्हणूनच निदान न झालेलं दुखणं तिने दबू शकतं. पाठदुखीसोबत वजन उतरतंय, रात्री झोपेतून जाग येईल इतकं दुखतंय, ताप आहे, पायातली ताकद जातेय, लघवी-शौचावरचा ताबा सुटतोय, तर आधी तपासण्या, मग सुया. आणि कोणी "इन्सुलिन बंद करा, दम्याचा पंप सोडा, मी सुयांनी बरं करतो" म्हणालं, तर त्या खोलीतून उठून या. त्या सल्ल्याने होणारं नुकसान कोणत्याही सुईपेक्षा मोठं असतं.

तुमच्या आईंसाठी आता थेट सांगते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना अ‍ॅक्युपंक्चर घेता येतं. त्यासाठी ती गोळी स्वतःच्या मनाने एक दिवससुद्धा बंद करू नका. ठोके अनियमित असताना गोळी सोडल्याने पक्षाघाताचा जो धोका येतो, त्यापुढे काळा-निळा डाग काहीच नाही. गोळी वॉरफरिन असेल तर अलीकडचा आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) ठरवून दिलेल्या मर्यादेत आहे ना ते पाहून घ्या आणि तो कागद उपचारकाला दाखवा. त्यांनी बारीक सुया, कमी संख्येने, उथळ लावाव्यात, खोलवर खुपसून फिरवू नयेत आणि काढल्यावर प्रत्येक जागा नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरावी. रक्त काढायचे कप लावू देऊ नका. पोटरी किंवा मांडी नंतर फुगून कडक झाली, दुखणं वाढत गेलं, तर आत रक्त साचलंय का हे त्याच दिवशी दाखवून घ्या.

मधुमेहासाठी दोन गोष्टी. इन्सुलिन किंवा गोळी घेऊन उपाशी पोटी टेबलावर अर्धा तास पडून राहिल्या तर साखर उतरू शकते, आणि ती घाबरल्याची चक्कर समजली जाण्याची भीती असते. थोडं खाऊन जाऊ द्या. दुसरी गोष्ट तळपायांची. पायांना बधिरपणा असेल तर पावलांवर सुया नकोत, आणि गुडघ्यावर शेक, दिवा किंवा मोक्साची (त्वचेजवळ जाळायच्या वाळलेल्या वनस्पतीची) धग तर त्याहून नको. भाजतंय हे त्यांना कळणारच नाही. माझ्या मते मधुमेहींना सुईपेक्षा या धगीनेच जास्त त्रास होतो.

गुडघ्याभोवतीचे बिंदू छातीपासून लांब आहेत, ही त्यांच्या बाजूची गोष्ट. पण सुई सांध्याच्या पोकळीत जाऊ नये. उपचारानंतर गुडघा गरम, लाल, सुजलेला झाला आणि ताप आला, तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. त्यात एका रात्रीचाही उशीर नको. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया आधी झालेली असेल तर त्या गुडघ्याजवळ सुई घेऊच नका.

पहिल्या भेटीला गोळ्यांची यादी सोबत न्या. उपचारकाने ती न मागता, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल आणि साखरेबद्दल एकही प्रश्न न विचारता थेट सुयांचं पाकीट उघडलं, तर आईंना घेऊन परत या आणि दुसरा उपचारक शोधा. यादी नीट वाचली, पायांचा स्पर्श तपासला आणि पहिल्या दिवशी मोजक्याच सुया लावून थांबले, तर पाच-सहा वेळा घेऊन बघा. तेवढ्यात चालण्यात आणि जिना चढण्यात काहीच फरक जाणवला नाही, तर उगाच लांबवू नका. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम मात्र फरक पडो न पडो, चालूच ठेवायला सांगा.